दम संपेपर्यंत बोली

माझ्या बाबांच्या फोनवर एक ॲप आहे. ते मी बनवलंय. उघडलं की सगळ्या पडद्यावर एकच बटण दिसतं, हिरवं, न बघता अंगठा टेकवला तरी दाबलं जाईल एवढं मोठं. सुरुवातीला त्यात पुष्कळ बटणं होती. ती कमी कशी झाली ते सांगायचंय.

मी पत्रकं लिहीत मोठी झाले. कॉलेजात असल्यापासून संघटनेत. एसटीच्या रद्द फेऱ्या, खाडीत सोडलेलं काळं पाणी, वसतिगृहातली करपलेली आमटी, समोर येईल त्यावर पत्रक. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत दोष कोणाचा ते सांगायचं, मधे पुरावा, शेवटी मागणी. मला अजूनही दुसरी रीत नीट जमत नाही. हे लिहायला बसले तेव्हाही पहिल्या ओळीसाठी दोषी शोधत होते.

पत्रकांवर पोट भरत नाही, म्हणून घरातूनच लहानसहान कोडिंगची कामं करते. आंबा बागायतदाराला गिऱ्हाइकांच्या मेसेजमधून पत्ते वेगळे काढून देणारी स्क्रिप्ट, लग्नाच्या फोटोग्राफरला ढिगाने फोटोंची नावं बदलून देणारी स्क्रिप्ट, मिरजोळ्याच्या एका कारखान्याला हजेरीचं ॲप. कोणाच्या नोकरीत नाही, कोणाच्या हाताखाली नाही. बाबा दारातून डोकावायचे आणि विचारायचे, "काय गो बाय, आज पण बसूनच?" पडद्याकडे बघत बसणं हे त्यांच्या लेखी कामच नव्हतं. त्यांच्या लेखी काम म्हणजे आवाज.

बाबा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. होडी लागली, मासळीचे क्रेट खाली आले की त्यांच्यापाशी उभं राहून ते भाव पुकारत. घेणारे कोणी बोट उचलून, कोणी नुसती भुवई उडवून बोली वाढवत. वाढवणारा उरला नाही की बाबा म्हणत, "झाऽऽऽलं." हा शब्द ते एका दमात लांबवायचे आणि बंदरावरचा कायदा असा, की तो दम संपेपर्यंत बोली उघडी. त्या लांबलेल्या शेपटीत कोणी बोट वर केलं तर बाबा शब्द तिथेच तोडून नव्या भावाने पुढे जायचे. दम संपला की माल गेला, मग कोणी हुज्जत घालायची नाही.

मोठे व्यापारी आधीपासून पुढे उभे असायचे. पाटी घेऊन एसटीने येणाऱ्या मासेवाल्या मागून पोचायच्या. त्यांतली एक साखरतर गावची, बाबांना 'भावा' म्हणायची म्हणून मी तिला आत्या म्हणायचे. ती हमखास उशिरा. बाबांना ती लांबून येताना दिसली की त्यांची शेपटी लांबायची. मान वर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तो 'झाऽऽऽ' चाललाय तो चाललाय. व्यापारी ओरडायचे, "अरे बस की, तेवढ्यात एसटी गणपतीपुळ्याला जाऊन परत येईल!" तोवर आत्या पदर खोचत पोचलेली असायची. बोट वर.

म्हणून बाबांच्या दमाला बंदरावर मान होता. आणि म्हणूनच त्यांचा आवाज घोगरा व्हायला लागला तेव्हा कोणाला काळजी वाटली नाही, कौतुक वाटलं. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज खरबरीत झाला की आमच्याकडे म्हणतात, आवाज पिकला. नवख्याचा आवाज गोड असतो आणि वाऱ्यावर उडून जातो. पिकलेला आवाज होडीच्या इंजिनाच्या भडभडीतून पार निघतो. आत्या म्हणाली, "भावा, आता खरा आवाज लागला हो तुला." बाबा घरी येऊन आईला हे ऐकवायचे. आई त्यांना आलं आणि मध द्यायची, तेसुद्धा हा पिकलेला आवाज टिकावा म्हणून. मलाही तो आवडायचा. दुसऱ्या कुठल्याही घरात माणसाचा आवाज इतके महिने बसला असता तर बायकोपोरांनी त्याला दवाखान्यात ओढत नेलं असतं. आम्ही शाबासकी दिली.

गिळताना दुखायला लागलं तेव्हा धावाधाव झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. माणूस चांगला होता, घाईत नव्हता. म्हणाला, "जीव वाचवू. स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल."

"सगळा?" बाबांनी विचारलं.

"सगळा."

परतीच्या एसटीत आंबा घाट उतरेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. खाली साखरप्याला गाडी थांबली, आईने चहा पुढे केला, तेव्हा ते माझ्याकडे वळले. "मंग आता बंदरावर काय करू गो मी? मुका उभा ऱ्हाऊ?"

"मी करते काहीतरी," मी म्हणाले.

ऑपरेशनला थोडा अवधी होता. मी तयार ॲपं धुंडाळली. बोलता न येणाऱ्यांसाठी ॲपं आहेत, बटण दाबलं की वाक्य बोलतात, आणि यादीत मराठी हे नावही असतं. त्या मराठीचा आवाज ऐकावा तर वाटतं, बातम्या देणाऱ्या बाईंच्या आवाजाला कोणीतरी इस्त्री केलीय. 'मला तहान लागली आहे.' रत्नागिरीत तहानेने जीव चाललेला माणूससुद्धा असं बोलणार नाही. मग मी आवाजाची नक्कल करणारं एक साधन वापरून पाहिलं. बाबांच्या बोलण्याचा तुकडा दिला, वाक्य टाइप केलं, आणि आवाज आला तो खरंच त्यांचा. मी आईबाबांना बोलावून ऐकवलं: 'मला थोडे पाणी दे.'

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"हा कोण गो?" बाबा म्हणाले. "बँकेतला साहेब?"

"गळा तुमचाच वाटतो," आई म्हणाली, "पण माणूस पुण्याचा हाय."

आम्ही तिघं खूप हसलो. मग मला राग आला. गळा त्यांचा होता, हेल गेला होता. वाक्य वर चढून शेवटी लाटेसारखं आपटतं ते आमच्या किनाऱ्यावरचं बोलणं त्या यंत्राला कोणी ऐकवलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात या जिल्ह्यात माणसं राहतात, पण तोंड उघडत नाहीत. त्यावर मी मनात अख्खं पत्रक लिहिलं. पण ऑपरेशन जवळ येत होतं आणि पत्रकाने बाबांना बोलता येणार नव्हतं.

तेव्हा ठरवलं, नक्कल नको. बाबांचे खरे शब्द ध्वनिमुद्रित करायचे आणि एकेका बटणाला एकेक बांधायचा. खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, कावळे हाकलायला आईला मागीलदारी बसवलं. मी वाक्यांची यादी वाचायला लागले. पाणी हवं. दुखतंय. डॉक्टरला बोलवा. गोळी द्या. पंखा लावा.

बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "हे काय? कलेक्टरला निवेदन देतंस काय?"

"बाबा, लागेल ते सगळं."

"पाणी मी हातानं मागीन. दुखलं तर तोंडावर दिसेल." मग बसक्या आवाजात, थांबत थांबत म्हणाले, "आत्याला चिडवायचं तर ते हातानं कसं चिडवू? ते घे. भाव घे. 'झालं' घे."

मी वाद घातला. उपयोगाचं आधी, बाकीचं मग. मला वाद घालता येतो, ते माझं शिक्षणच आहे. बाबांना जेमतेम आवाज उरला होता आणि तो माझ्याशी वादात खर्च होतोय हे आईच्या लक्षात आलं. ती मागीलदारातून ओरडली, "त्यांचा आवाज, त्यांना बोलू दे की!" मी यादी बाजूला ठेवली.

मग त्यांनी पुकारलं. खालच्या भावापासून वरच्या भावापर्यंत, घोट घोट पाणी पीत. बांगडा, सौंदाळा, म्हाकूल, एकेकाचं नाव त्याच्या त्याच्या ठेक्यात. आत्यासाठी 'ये ये, लग्नाच्या व्हरातीला पण अशीच उशिरा ये', व्यापाऱ्यांसाठी 'खिशात विंचू हाय काय?' आणि मग 'झालं'. पुन्हा पुन्हा 'झालं'. एकदा दम मधेच तुटला, खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. थांबले, पुन्हा मान वर केली. शेवटचं 'झाऽऽऽलं' सगळ्यात लांब निघालं.

उठताना त्यांना काहीतरी आठवलं. मला खुणेने म्हणाले, चालू ठेव. आणि मागीलदाराकडे तोंड करून हाक मारली. आईला ते नावाने कधीच हाक मारत नसत. "ऐकलंस काय गोऽ?"

"आले, आले," बाहेरून आई म्हणाली. "घर पेटलंय काय?"

तिला वाटलं खरंच बोलावलंय. पदराला हात पुसत आली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

पुढचं काम माझं. प्रत्येक तुकड्याच्या आजूबाजूची शांतता कापणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की ती समजे, बोलणं संपलं, आणि तिथे कात्री लावी. सगळे तुकडे तिच्यातून गेले आणि मी आईला ऐकवले. 'झालं' ऐकून ती म्हणाली, "अर्धं कुठं गेलं?" खरंच, शब्द ठोकळ्यासारखा तुटत होता. दम विरत जाताना आवाज बारीक होतो आणि स्क्रिप्टने त्या बारीक आवाजाला शांतता समजून छाटलं होतं. मूळ तुकडे माझ्याकडे होतेच. स्क्रिप्ट बाजूला ठेवून मी हाताने कापायला बसले. त्यांच्या शेपट्या कानाला हेडफोन लावून एकेक ऐकत, जिथे बाबा थांबतात तिथे थांबत. बाबांनी आईला मारलेल्या हाकेचा तुकडा होता त्यात आईचं उत्तरही आलेलं होतं. ते कापायला बाबांनी बोट हलवून मनाई केली.

ॲप त्यांच्या फोनवर चढवताना फोनने इशारा दिला: हे अनोळखी ॲप आहे, हानिकारक असू शकतं, विश्वास आहे का? बाबांनी तो मला वाचायला लावला. मग माझ्याकडे बघून डोळा मारला आणि 'होय' दाबलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, डॉक्टर शब्दाला जागले. गळ्याला भोक, त्यातून श्वास. पुन्हा गिळायला शिकणं, पट्ट्या बदलणं, त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक भुणभुणणारं यंत्र असतं, तेही आणलं होतं. बाबांनी एकदा वापरलं, आरशात बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. ॲप मात्र त्यांनी रोज चालवून पाहिलं. भाव चढवणं, उतरवणं, बोटाचा सराव. मी बटणं मोठी केली, रंग बदलले. ओल्या हाताने पडदा चालत नाही म्हणून फोनला प्लास्टिकची पिशवी शिवली. छोटा स्पीकर आणला, तो छातीला बांधायचा. माझ्या आयुष्यात एवढ्या मनापासून मी कोणासाठी कोड लिहिलं नव्हतं आणि एवढं खडूस गिऱ्हाईकही मला मिळालं नव्हतं.

ते बंदरावर परत गेले त्या सकाळी मी बरोबर होते. माणसं भोवती जमली. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी भलतीकडे बघून नाक पुसलं. होडी लागली, बांगड्याचे क्रेट उतरले. बाबांनी बटण दाबलं आणि बंदरावर त्यांचा आवाज निघाला. खलाशी होडीतच उभे राहिले. एका व्यापाऱ्याने भुवई उडवली, बाबांनी पुढचा भाव दाबला, दुसऱ्याने बोट उचललं, पुढचा भाव. लोक त्यांच्यासाठी सावकाश बोली करत होते. मला कळत होतं, पण मी खूष होते.

पहिला माल गेला. दुसराही. तिसऱ्याला दोन बोटं एकदम वर गेली, बाबांनी चुकीचा भाव दाबला, मागे आले, तोवर तिसरा काहीतरी ओरडला. ऊन चढायला लागलं होतं. क्रेटमधला बर्फ सुटून पाणी वाहत होतं. कोणी बोलत नव्हतं, पण मागच्या होडीवाल्याने क्रेटवर ओलं पोतं टाकलं. मी ते पोतं बघितलं, बाबांनीही बघितलं.

शेवटी बोली एका व्यापाऱ्यावर थांबली. बाबांनी मान वर केली आणि 'झालं' दाबलं. त्याच वेळी फाटकातून आत्या आत आली. पाटी काखेत, नेहमीसारखी पदर खोचत. स्पीकरमधून 'झाऽऽऽ' चाललं होतं, माझ्याकडचं सगळ्यात लांब 'झालं'. बाबांचे डोळे तिच्यावर. ती चालत होती. शेपटी विरली, संपली, आणि आत्या अजून बर्फाच्या गाडीपाशीच होती.

बाबांनी पुन्हा दाबलं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कोणीतरी फिसकन हसलं. व्यापारी म्हणाला, "दादा, एकदा झालं म्हणालात ना? माल माझा." तो चुकीचं बोलत नव्हता. दम संपला होता. कायदा बाबांचाच होता.

आत्या येऊन उभी राहिली. तिला सगळं समजलं होतं. "भावा," ती म्हणाली, "तुझ्या फोनाला मी दिसत न्हाय रे." ती हसत म्हणाली, म्हणून सगळे हसले. बाबाही हसले, तोंड उघडून, खांदे हलवून, आवाजाशिवाय. मग त्यांनी छातीवरचा स्पीकर बंद केला, सोडला आणि माझ्या हातात दिला. पुढच्या होडीचा लिलाव दुसऱ्याने पुकारला.

मी हार मानणारी नव्हते. घरी आल्याबरोबर कोड उघडलं. बटण दाबून धरलं की शेपटीचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला जाईल आणि बोट सोडेपर्यंत 'झालं' लांबत राहील, असं केलं. जमलं. सांधा ऐकू येत नव्हता. मी धावत बाबांना दाखवायला गेले. त्यांनी बटण दाबून धरलं. 'झाऽऽऽऽऽऽ'. पंपासारखं सारखं, न दमता. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि बोट काढलं. फोनवर टाइप करून दाखवलं: 'दम संपत आला की लोकांना ऐकू येतो. तेव्हा बोट वर जातं. याचा संपतच न्हाय.'

"मग मी तसं करते. हळूहळू संपेल असं करते. तुम्ही सांगा कुठे संपवायचं." मी बोलतच सुटले. हक्काचं बोलले, बंदर त्यांचं पण आहे म्हणाले, त्या व्यापाऱ्याला काय थांबता येत नव्हतं, संघटनेत विषय घेऊ, बोलता न येणाऱ्या माणसाला सवलत मागू. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. छाती वर आली, खाली गेली. गळ्यातल्या भोकातून हवा फस्स करून निघून गेली. दम उरला होता तो एवढाच.

मी हात काढून घेतला. त्या पत्रकाची शेवटची ओळ मला तिथे समजली: मागणी करायला समोर कोणी नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून बटणं काढून घेतली. एका दिवसात नाही. आधी भाव गेले. मग मासे. बांगडा काढताना त्यांनी तो एकदा ऐकला. 'खिशात विंचू हाय काय' काढू नका म्हणून मी हट्ट केला, तर त्यांनी मान हलवली, कोणाला म्हणू, असं हाताने विचारलं. 'झालं' काढायचं त्या दिवशी आई घरात नव्हती. त्यांनी ते दाबलं नाही. नुसतं बोट दाखवलं आणि मी ते काढलं. मूळ तुकडेही पुसून टाक, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मी पुसले. पटलं म्हणून नव्हे. आवाज त्यांचा होता, त्यांना बोलू दे असं आई म्हणाली होती, तर गप्प राहायचं हेही त्यांनीच ठरवायचं.

बंदरावर आता एक तरुण माणूस पुकारतो. त्याचा आवाज गोड आहे. त्याचं 'झालं' आखूड आहे, झटकन तुटतं, कामं पटापट होतात आणि व्यापारी खूष असतात. आत्या आता आदल्या एसटीने येते, अंधारातच घर सोडते. बाबांना भेटायला आली होती तेव्हा म्हणाली, "तो पोरगा वाईट न्हाय. अजून पिकायचाय." बोलली आणि मग तिची जीभ अडली. आई चहा ठेवायला उठली. बाबा दोघींकडे बघून हसले आणि त्यांनी आत्याची पाटी उचलून दारापाशी नेऊन ठेवली.

तर एकच बटण उरलं. बाबा ओट्यावर बसलेले असतात, फोन मांडीवर. दाबतात. "ऐकलंस काय गोऽ?" आणि फोनमधली आई म्हणते, "आले, आले, घर पेटलंय काय?" त्यावर स्वयंपाकघरातली आई येते. पूर्वी चार हाका झाल्याशिवाय यायची नाही, आता पहिल्याच हाकेला येते, हातातलं टाकून. त्यांना काय हवंय ते विचारत नाही. शेजारी बसते, कोळंबी असेल तर सोलत राहते.

कधी आई बाजारात गेलेली असते. मी माझ्या खोलीत कोणाच्या तरी ॲपमधली चूक शोधत असते. भिंतीपलीकडून हाक येते आणि तिच्या पाठोपाठ उत्तर येतं, आणि मग काही वेळाने परत हाक, परत उत्तर. घरात आम्ही दोघंच असतो. पहिल्यांदा मी उठून बाहेर गेले होते. बाबांनी मला बघून फोन उपडा ठेवला, दुकानात काही उचलताना पोरगं सापडावं तसे ओशाळले. तेव्हापासून मी जात नाही. टाइप करायचं थांबवते, एवढंच, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल.